चोरचोळीचे गहू

लातूरहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत त्या वर्षात मला कधी उभं राहावं लागलं नाही. गाडी कितीही भरलेली असो, मी दांड्याला धरून उभी राहिले की कुणीतरी आधी माझ्या पोटाकडं बघायचं, मग तोंडाकडं, आणि सरकायचं. "बस गं माय, अवघडलेली हाईस." चाकूरला चढलेल्या एका म्हातारीनं तर आपल्या धडधाकट लेकाला उठवून मला खिडकी दिली होती. सुरुवातीला मी सांगायचे, तसं काही नाही म्हणून. मग समोरची बाई आवाज आणखी खाली आणून विचारायची, पोटात गोळा आहे का? त्यापेक्षा गरोदर असलेलं बरं, असं ठरवून मी मुकाट बसायला लागले. कितवा महिना असं कुणी विचारलं की खिडकीबाहेर बघायचे. अहमदपूर येईपर्यंत बाहेर बघण्यासारखं फार काही नसतं, सोयाबीन निघून गेलेली काळी रानं असतात. मी ती मन लावून बघितली आहेत.

मी शाळेत शिकवते आणि स्वभावानं फटकळ आहे. केंद्रप्रमुखापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना एकाचे दोन ऐकवलेले आहेत. पण या प्रश्नापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटायची. कारण खरं उत्तर असं होतं, की पोटात कुणी नव्हतं. जो होता तो येऊन गेला होता.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस गेले होते, म्हणून घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोट दिसायच्या आधीच मी रजा टाकून नांदेडला गेले होते. बाळाभोवतीचं पाणी प्रमाणाबाहेर वाढलं होतं. सातव्या महिन्यातच माझं पोट नऊ भरलेल्या बाईपेक्षा मोठं दिसायचं. आई शेजारणींना म्हणायची, जुळं आहे वाटतं. जुळं नव्हतं, नुसतं पाणी होतं. डोहाळजेवणाचा दिवस ठरला होता, हिरवी साडी आणून ठेवली होती, आणि त्याच्या आधीच ते पाणी फुटलं.

मुलगा झाला. सव्वा किलो, असं नर्स म्हणाली. तिनं ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, पण माझ्या बाळाबद्दल मला कळलेली ती पहिलीच गोष्ट होती, त्यामुळं ती माझ्या डोक्यात घट्ट बसली. त्याला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीला हात घालण्यापुरतं गोल भोक होतं. त्यातून मी त्याच्या तळपायाला बोट लावायचे. उचलून घ्यायची परवानगी नव्हती. नळ्या होत्या, जंतुसंसर्गाची भीती होती. थोडं वजन वाढू द्या, मग छातीशी धरायला देतो, असं डॉक्टर म्हणाले होते. वजन वाढलं नाही. आठवडाभर झुंजला आणि गेला.

त्या दिवशी मला ताप होता. कापडात गुंडाळून आणलं, तोंड दाखवलं, पण हातात दिलं नाही. आईनंच नको म्हटलं. हातात घेतलं तर पान्हा फुटेल, मग आवरणार नाही, असं तिचं म्हणणं. पान्हा तर त्याच्या आधीच फुटला होता. ज्याच्यासाठी आला तो गेल्यावरही दूध येत राहिलं, आणि त्या दुधाचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझा नवरा, माझे वडील आणि लातूरहून आलेल्या सासूबाई गाडीत बसून त्याला गोदावरीकडं घेऊन गेले. आमच्यात बायका मसणवटीत जात नाहीत, तेव्हा सासूबाई वाटेत कुठंतरी उतरल्या असतील असं मी धरून चालले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आईनं मला रीतीप्रमाणं बाळंतिणीसारखंच ठेवलं. जुन्या सुती नऊवारीची पट्टी फाडून पोट आवळून बांधलं, शेक दिला, डिंकाचे लाडू केले. पाळणा सोडून बाकी सगळं झालं. मी एक लाडू खाल्ला आणि डबा बाजूला सारला. आईनं तो पुन्हा पुढं केला नाही.

लातूरला परत आल्यावर मला वाटलं होतं, माणसं भेटायला येतील, मी रडेन, चार दिवसांनी थकून गप्प होईन. कुणीच आलं नाही. चार-दोन जवळचे सोडले तर कुणाला कळवलंच नव्हतं. शेजारी मी माहेरपणाला जाऊन आलेली, एवढंच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. त्यांना मी एकदाच विचारलं, की तुमच्या बहिणीला, देवणीच्या मावशींनाही सांगितलं नाही का? त्या ज्वारी निवडत होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, "बारसं झालं न्हाई, नाव बी ठिवलं न्हाई लेकराचं. काय म्हनून सांगायचं?"

त्यांचं म्हणणं रीतीला धरून होतं. नाव न ठेवलेलं मूल कुणी मोजत नाही, त्याचं दिवसपाणी करत नाहीत, दुखवटा काढत नाहीत. मला ते ठाऊक होतं, तरी मला त्यांचा संताप आला. तो वर्षभर गेला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं ते वर्ष गेलं. दार बंद केल्यावरच रडायचं, आणि दार उघडण्याआधी तोंड धुवायचं.

पोट मात्र गेलं नाही. मार खाल्लेल्या माणसाला वळ दाखवता येतात, तसं ते माझ्याजवळ राहिलं. बाकी अंग वाळत गेलं आणि पोट तेवढं पुढं. अंथरुणावरून उठायला लागले की बेंबीच्या वर मधोमध एक उभा फुगवटा यायचा, मक्याच्या कणसासारखा, आणि आडवी झाले की बसायचा. कंबर दुखायची. फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना हात वर नेला की पोटात कुणी नाहीच, सगळं पोकळ आहे असं वाटायचं. शिंक आली तर मी दोन्ही हातांनी पोट धरायचे.

गल्लीतल्या एका आजीनं निदान केलं, बेंबी सरकली. तिनं मला उताणं निजवून पोटावर पणती लावली, वर तांब्या उपडा घातला. पणती विझली, तांब्या चिकटला, कातडी आत ओढली गेली, मग तिनं तो फिरवून काढला आणि बेंबी जागेवर आली असं जाहीर केलं. बेंबी आली असेल, पोट होतं तिथंच होतं. मग मी शिकलेली बाई म्हणून मोबाइल उघडला. सपाट पोटाचे व्यायाम करून दाखवणाऱ्या मुली भरपूर होत्या. पाठीवर पडायचं, हात डोक्यामागं, आणि झटक्यानं उठायचं. महिनाभर मी ते दात-ओठ खाऊन केलं. कणीस आणखी फुगलं आणि कंबरेचं दुखणं मांडीपर्यंत उतरलं. आजीच्या तांब्यानं निदान नुकसान तरी केलं नव्हतं.

शेवटी लातूरमधल्या एका सर्जनकडं गेले. त्यांनी पोट दाबून बघितलं, सोनोग्राफी करून घेतली. हर्निया नाही म्हणाले. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब सरकले आहेत, मधली पट्टी ताणून पातळ झाली आहे. ऑपरेशन करून शिवता येतं, पण पुढं मूल हवं असेल तर आज शिवलेलं उद्या पुन्हा ताणलं जाणार. आधी व्यायामानं किती जमतंय ते बघा. पुढं मूल हवं असेल तर, हे वाक्य त्यांनी सहज उच्चारलं. माझा नवरा खुर्चीत सावरून बसला आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

फिजिओथेरपी लातूरमध्येही होती. पण इथं रिक्षा स्टँडपासून दवाखान्यापर्यंत निम्मे पालक माझ्या ओळखीचे. शिवाय ज्या बाळंतपणातून हे झालं त्याचे सगळे कागद नांदेडला, आई नांदेडला. म्हणून मी पंधरवड्यातून एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून नांदेडची गाडी धरायला लागले.

ती फिजिओथेरपिस्ट माझ्याहून लहान होती, कमी बोलणारी, हसायची क्वचित. पहिल्या दिवशी तिनं मला गुडघे वाकवून उताणं निजायला सांगितलं, मान जरा उचला म्हणाली, आणि बेंबीच्या वर बोटं आडवी धरून आत दाबली. माझ्या पोटात तिची चार बोटं आरामात मावली. मला ते बघून भीतीच वाटली. माझ्याच पोटात एवढी वाट होती आणि मला पत्ता नव्हता. तिनं सांगितलं, काही फाटलेलं नाही, नुसतं लांब गेलंय. पाठीवरून झटक्यानं उठायचे व्यायाम आजपासून बंद. त्यानं मधली पट्टी आणखी ताणली जाते.

मग तिनं विचारलं, बाळ केवढं आहे? मी सांगितलं. बाजूच्या खाटेवर एक बाई होती आणि तिचं रांगतं पोर खालच्या सतरंजीवर प्लास्टिकचा डबा आपटत होतं. फिजिओथेरपिस्टनं उठून मधला पडदा ओढला आणि परत येऊन माझ्या बरगड्यांवर हात ठेवला. "हात माझा आहे तिथपर्यंत श्वास येऊ द्या," ती म्हणाली, "आणि सोडताना घाई करू नका, ताई." सांत्वनाचे शब्द तिनं काढले नाहीत. मला ते बरं वाटलं.

ऐकणाऱ्याला हसू येईल इतके साधे ते व्यायाम. निजायचं, नाकानं श्वास घ्यायचा, तोंडानं हळू सोडायचा, आणि सोडताना खालचं पोट अलगद आत घ्यायचं, लघवी थांबवताना आवळतो तसं आतून आवळायचं. मग एक टाच चादरीवरून सरकवत लांब न्यायची, परत आणायची. पुढं पुढं कंबर उचलायची. अंथरुणावरून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातानं रेटा देऊन उठायचं. काहीही उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. मी तिला म्हटलं, माझ्या आईनं बांधलं होतं की पोट घट्ट. ती म्हणाली, बांधल्यानं आधार मिळतो, ताकद येत नाही. ताकद आतून यावी लागते आणि तिला वेळ लागतो. फट पूर्ण बुजली नाही तरी चालेल, पण जोर लागल्यावर पोटाला ताण धरता आला पाहिजे.

मला तेव्हा कळलं की मी श्वास कोंडून जगत होते. बादली उचलताना, वर्गात ओरडताना, कुणी कितवा महिना विचारल्यावर, सगळ्या वेळी. सोडताना घाई करू नका, हे वाक्य मी दिवसातून कितीदा तरी मनात म्हणायचे. व्यायाम करता करता डोळ्यांतून पाणी यायचं, कानांत जायचं. ते पुसायला मी थांबायचे नाही.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. पोट जावं म्हणून मी नांदेडपर्यंत जात होते, आणि पोट जाईल याची मला भीतीही वाटत होती. तो होता याची खूण म्हणून माझ्या अंगावर तेवढंच उरलं होतं. घरात त्याचा फोटो नव्हता, नाव नव्हतं, कुणाच्या तोंडी शब्द नव्हता. ही फट बुजली की तो मुळात झालाच नाही, असं सगळे म्हणायला मोकळे होतील, असं वाटून मला घाम फुटायचा.

जड उचलायचं नाही, हे पथ्य लातुरात पाळणं म्हणजे गंमतच. नळाला पाणी आलं तर आठ-दहा दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा घरातलं प्रत्येक भांडं भरून घ्यावं लागतं. आमचा नळ अंगणात खड्ड्यात आहे, पिंप मोरीजवळ. मधलं अंतर कळशी-घागरीनंच चालायचं. मी नांदेडहून पहिल्यांदा आले त्यानंतर पाणी सुटलं, तेव्हा मी कळशी घ्यायला गेले तर ती जागेवर नव्हती. सासूबाईंनी ती आधीच भरून कंबरेवर घेतली होती. त्यांचे गुडघे माझ्या पोटापेक्षा वाईट. मी द्या म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं केलं. त्यानंतर मी पाण्याच्या दिवशी कळशीला हात लावला नाही. पण राग गेला नव्हता. मला वाटायचं, ही बाई माझ्यासाठी घागरी वाहील, पण त्याचं नाव काढणार नाही.

वैशाखात देवणीला लग्न निघालं. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीची नात. ही मावशी म्हणजे माझी मावससासू, सत्तरीच्या पुढची, गुडघ्यांमुळं गाव सोडून न येणारी. माझ्या लग्नानंतर तिची-माझी भेट झालेली नव्हती. तोपर्यंत माझ्या पोटात फिजिओथेरपिस्टची चारऐवजी तीन बोटं मावत होती आणि कंबरदुखी निम्म्यावर आली होती. तरी रेशमी साडीत पोट दिसायचंच. लग्नात बायकांनी मला पंगतीत आधी बसवलं, वाढणाऱ्यानं विचारून जास्तीचं लोणचं दिलं. मी ते खाल्लं. लोणच्यावर कशाला राग काढायचा?

जेवणं झाल्यावर मावशीनं मला हाताला धरून धान्याच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. आत पाट मांडलेला होता. ताटात हळदकुंकू, हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि सुपात गहू. मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, ही चोरचोळी. आमच्याकडं पहिलटकरणीची ओटी चारचौघींत भरायच्या आधी अशी एकदा गुपचूप भरतात, हिरवी चोळी देतात, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून.

मावशी माझ्या कानाशी बोलत होती. "तुझी सासू मला सांगंना गेली. पर मला दिसंना व्हय? इतक्या सालानं दिवस गेल्यात, भेत आसंल बिचारी. भ्यावं बी. म्या बी कुनाला सांगत न्हाई बग." तिनं मला कुंकू लावलं आणि सूप हातात घेऊन उभी राहिली.

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, असं नंतर माझी बहीण म्हणाली. मला तसं वाटत नाही. त्या खोलीत उभं असताना माझ्या मनात एकच आलं, की त्याच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. चोरचोळी राहिली, डोहाळजेवण राहिलं, पाचवी राहिली, बारसं राहिलं. जन्मभरात त्याच्यासाठी कुणी कुंकवाचं बोट उचललं नव्हतं. आणि ही म्हातारी, काहीच ठाऊक नसताना, गुडघे दुखत असताना, सगळी तयारी करून उभी होती. मी पाटावर बसले आणि पदर पसरला.

ओंजळीमागून ओंजळ गहू पडले, त्यावर नारळ आला. दार किलकिलं झालं आणि सासूबाई आत डोकावल्या. त्यांनी माझा पदर बघितला, बहिणीचं हसरं तोंड बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण भरत असलेली ओटी कुणी मोडत नाही. त्या दाराला धरून उभ्या राहिल्या आणि मावशीचं झाल्यावर दार परत लोटून निघून गेल्या.

घरी आल्यावर मी हिरव्या खणात बांधलेली ती ओटी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही मावशींना सांगितलं असतं, तर त्यांनी हे केलं नसतं." त्या पाय धूत होत्या. धुऊन झालेले पाय त्यांनी पुन्हा धुतले.

आता त्या ओटीचं करायचं काय? ओटीचे गहू जिचे तिनंच खायचे असतात, खीर करून. मला ते गिळले नसते. दुसऱ्याला देता येत नाहीत, टाकता येत नाहीत, पाखरांना घालायला मन होईना. मी गाठोडं उचलून माझ्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवलं आणि त्याच्याकडं बघायचं सोडलं.

त्याच सुमारास फिजिओथेरपिस्टनं पुढचा टप्पा सुरू केला. पोट आता ताण धरायला लागलंय, म्हणाली, आता वजन उचलायला शिकायचं. त्या शनिवारी खोलीत आणखी दोन बाळंतिणी होत्या. त्यांना तिनं सांगितलं, बाळ सतरंजीवर ठेवा, गुडघे वाकवा, आधी श्वास सोडायला लागा, मग बाळ उचला, अंगाजवळ धरा. त्या बायकांनी आपापली पोरं उचलली. एक पोर हसलं. फिजिओथेरपिस्ट माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, तुम्ही घरी डाळीची पिशवी घ्या, किलो-सव्वा किलोची. तिला माझे कागद पाठ नव्हते, आकडा तिच्या तोंडी सहज आला. मी मान हलवली आणि बसस्टँडवर येईपर्यंत धड चालले.

आता मला नांदेडच्या गाडीत उभं राहावं लागतं. लोहा येईपर्यंत पाय भरून येतात आणि एकही माणूस सरकत नाही. फट पुरती बुजलेली नाही, बोटभर राहिली आहे आणि ती राहील. पण तो रविवार झाला नसता, तर मी हे व्यायाम त्याच महिन्यात सोडून दिले असते, हे मला नक्की माहीत आहे. सोडायचं मी ठरवलंच होतं. डाळीची पिशवी उचलण्यासाठी मी एवढा प्रवास करत होते की काय, असं मनात येत होतं.

रविवारची दुपार होती. नवरा बाहेर गेला होता. डाळ स्वयंपाकघरात होती आणि गाठोडं कोनाड्यात, हाताशी. मी ते काढून सतरंजीवर ठेवलं. गाठ सैल झाली होती म्हणून सोडली, तर गव्हात कडुलिंबाचा पाला घातलेला दिसला, कीड लागू नये म्हणून. पाला बराच ताजा होता. मी घातला नव्हता, नवऱ्याला असलं सुचत नाही. मी गाठ बांधली, गुडघे वाकवले, श्वास सोडत ते उचललं आणि छातीशी धरलं. व्यायाम तेवढाच होता, खाली ठेवून पुन्हा उचलायचं होतं. माझ्यानं ते खाली ठेववेना.

"काय करलालीस?" सासूबाई दारात होत्या.

व्यायाम, मी म्हणाले. त्या मग भिंतीला धरून आत आल्या, सतरंजीवर माझ्यासमोर बसल्या आणि दोन्ही हात पुढं केले. मी गाठोडं त्यांना दिलं. त्यांनी ते गाठोडं धरतात तसं धरलं नाही. एक हात खालून घातला, दुसरा नारळाच्या मागं, आणि जरासं वर-खाली करून बघितलं.

"लई जड हाय हे," त्या म्हणाल्या. "इतका नव्हता."

त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडली. एक मूठ गहू काढून आपल्या पदरात टाकले. पुन्हा तोलून बघितलं, मान हलवली. आणखी एक मूठ काढली. आणि मग माझ्याकडं न बघता त्या बोलायला लागल्या. दवाखान्यापासून तो त्यांच्याच मांडीवर होता. माझ्या नवऱ्यानं मागितला तरी दिला नाही. गाडी थांबली तिथं बायकांनी उतरायचं होतं, त्या उतरल्या नाहीत, शेवटपर्यंत गेल्या. खड्डा खणून होईपर्यंत जमिनीवर ठेवू दिला नाही. कपाळ माझ्यासारखं रुंद होतं. डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती, ती त्यांनी बोटानं सरळ करून बघितली, ती पुन्हा दुमडायची.

इतके महिने हे सगळं त्या एकट्याच घेऊन होत्या. मला वाटत होतं, त्यांच्या लेखी तो झालाच नव्हता.

त्यांनी आणखी चिमूटभर गहू काढले, थोडे परत टाकले. डोळे मिटून तोललं. मग खणाची गाठ मारली, कडुलिंबाचं एक चुकार पान झटकलं, आणि गाठोडं दोन्ही हातांनी आमच्या मधे सतरंजीवर ठेवलं.

"येवढा हुता," त्या म्हणाल्या. "घे."

मी गुडघे वाकवले, हळूहळू श्वास सोडला, आणि त्याला उचललं.